दोन अंश इकडे-तिकडे

वीज साठवून ठेवता येत नाही, हे वाक्य देवधर सर प्रत्येक ग्राहकाला ऐकवतात. किस्से मात्र साठतात! आमच्या ऑफिसात तर इतके साठलेत की कुणी नुसता चहाचा कप पुढे केला तरी एखादा बाहेर सांडतो.

ऑफिस म्हणजे स्वारगेटजवळच्या एका इमारतीतल्या दोन खोल्या. तिथे आम्ही तिघं. मी नीता, फोन घेते. ज्ञानू फुरसुंगीचा, तो घरोघरी जाऊन यंत्रं बसवतो. आणि आमचे साहेब देवधर सर, ते नियम सांभाळतात. योजना वीज कंपनीची आणि तशी सोपी आहे. तुम्ही घरातल्या एसीला स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारं यंत्र, बसवून घ्यायचं. कंपनी त्याच्या किमतीत सवलत देणार, वर बिलातही थोडी सूट. बदल्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी, जेव्हा सगळं पुणं एकदम घरी येऊन एसी लावतं, तेव्हा कंपनी इथूनच तुमची खोली दोन अंश गरम करणार. अगदीच सहन होत नसेल तर यंत्रावर आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर 'आज नको' असं बटण आहे. पण फार वेळा 'नको' म्हटलंत तर नाव कमी, सवलत बंद.

पुणेकराच्या हाती 'नको' म्हणायचं बटण द्यायचं आणि वर ते जपून वापरा म्हणायचं! ही कल्पना काढणारा नक्की बाहेरगावचा असणार.

*

पहिल्या उन्हाळ्यात ग्राहकांना पाठवायचा मेसेज सरांनी स्वतः लिहिला. "आज संध्याकाळी आपला एसी दोन अंशांनी वाढवण्यात येईल. सहकार्याबद्दल आभार."

झालं! आता एसी वाढवणं म्हणजे काय? आपण घरात म्हणतो, "उकडतंय, जरा एसी वाढव," म्हणजे गार कर. अर्ध्या गावानं तोच अर्थ घेतला. कोथरूडच्या एका काकूंनी दुपारीच फोन करून आभार मानले आणि संध्याकाळी नातवाला स्वेटर चढवला. सात वाजता त्यांचा दुसरा फोन. "अहो, वाढवणार होतात ना? इथे पोराची स्वेटरमध्ये अंघोळ झाली!"

मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्यानं तिसराच अर्थ लावला. "आमच्यात दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. एसी बंद होणार म्हणून मी गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं. आणि तुमचा एसी तर चालूच आहे की!"

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "भाषा बरोबर आहे. ग्राहक चुकलेत."

शेवटी मीच मेसेज बदलला. 'आज संध्याकाळी आपली खोली थोडी गरम होईल.' त्यावर पहिला फोन शनिवार पेठेतून आला. "ती रोजच होते. त्यासाठी कंपनी कशाला हवी?"

*

योजनेतलं पहिलं यंत्र सरांनी स्वतःच्या घरी बसवून घेतलं. लोकांना सांगायचं तर आधी आपण करायला हवं, असा त्यांचा नियम. घर पर्वतीच्या पायथ्याशी, आणि घरात दोघंच, सर आणि त्यांची मुलगी मुग्धा. मुग्धाची आई जाऊन बरीच वर्षं झाली. एसी एकच, मुग्धाच्या खोलीत. ती म्हणायची बावीस, सर म्हणायचे चोवीस. यावरून इतकी वादावादी व्हायची की सर रिमोट खिशात घालून ऑफिसला यायचे! टेबलावर जेवणाचा डबा, चष्म्याचं घर आणि एसीचा रिमोट, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

ज्ञानू यंत्र बसवायला गेला तेव्हा त्यानं एसी फोनवरूनच चालवायचं अ‍ॅप मुग्धाच्या फोनमध्ये टाकलं, कारण सरांचा फोन साधा, बटणांचा. मुग्धा हसत म्हणाली, "बाबा, आता खुशाल न्या रिमोट ऑफिसला!"

पुढे तिला कॅनडात नोकरी लागली. तिनं आधी होकार कळवला आणि मग वडिलांना सांगितलं. सरांना ते लागलं. "जायचं तर जा, मी थांबवणारा कोण," असं ते म्हणाले, आणि ती खरंच थांबली नाही. सर विमानतळावर गेले नाहीत. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. पहिला फोन कुणी करायचा एवढाच प्रश्न आहे हो, पण दोघंही देवधर!

तो बटणांचा फोन ऑफिसात सरांच्या समोरच ठेवलेला असतो. वाजला की सर आधी नुसते बघतात, मग घाईनं उचलतात, आणि मग म्हणतात, "नाही, मला कर्ज नको आहे." त्या वेळी आम्हाला फार वाईट वाटतं. ज्ञानू उगाचच उठून पाणी प्यायला जातो.

*

यंत्राला एक डोळा आहे. खोलीत माणूस असला की त्याचा हिरवा दिवा लागतो आणि अ‍ॅपवर 'खोलीत कुणीतरी आहे' असं दिसतं. माणूस उठून गेला की थोड्या वेळानं एसी आपोआप बंद होतो.

नारायण पेठेतून एका बाईंची तक्रार आली, एसी सारखा बंद पडतो म्हणून. ज्ञानू जाऊन बघतो तर यंत्राला नातवाचं टोपडं घातलेलं!

"परक्यानं आमच्या झोपायच्या खोलीत बघायचं कारण काय?" बाई म्हणाल्या.

ज्ञानूनं समजावलं, "त्याला तोंड दिसत न्हाय बाई. माणसाच्या अंगाची ऊब तेवढी कळती."

बाईंनी पेपर वाचत बसलेल्या यजमानांकडे एकवार पाहिलं. "मग आमचे हे असताना बंदच पडणार तो!"

यजमानांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "टोपडं राहू दे हो."

*

एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. बिबवेवाडीत एकटेच राहायचे. मेसेज गेला की हमखास त्यांचा फोन यायचा. "आपण आमचे दोन अंश घेणार आहात. घ्या. पण आज ते कुणाला देणार, ते सांगा."

पहिल्या दिवशी मी गोंधळले. मग मला सवय झाली. "आज ससून हॉस्पिटलच्या बाजूला देतोय, सर." "आज स्वारगेटच्या दिव्यांना." खरंखोटं देव जाणे! मास्तर म्हणायचे, "छान. सत्कारणी लागले." मग हवापाण्याच्या, भाजीच्या भावाच्या गप्पा.

एके दिवशी त्यांचा फोनच आला नाही. मला राहवेना, मीच लावला. मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मास्तर म्हणाले, "अहो, आज मुलगा आलाय बंगलोरहून! आज न विचारता घ्या." आणि फोन ठेवला.

मला बरंच वाटलं त्यांच्यासाठी. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी फोनसमोर बसून मला माझ्या माहेरची फार आठवण आली.

मी फोन ठेवला तेव्हा देवधर सर दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, "मुलगा स्वतःहून आला, की यांनी बोलावलं?"

"ते नाही विचारलं, सर."

"विचारायला हवं होतं," म्हणाले, आणि पिशवी उचलून घरी गेले.

*

सरांच्या नियमाचे किस्से तर विचारूच नका. हडपसरच्या एका बिल्डरनं एकदा ऑफिसात येऊन दम दिला. "'नको' जास्त झालं म्हणून माझं नाव काढलंत? मी कोण हाय, ओळखता का?"

"ओळखतो. म्हणूनच नियम मोठ्यानं वाचून दाखवतो," सर म्हणाले, आणि खरंच वाचला!

येरवड्याच्या एक ताई तर रडकुंडीला आल्या होत्या. घरात मुलीचं लग्न, पाहुणे खच्चून भरलेले, म्हणून रोज 'नको' दाबलं गेलं. एवढा एक महिना सोडा म्हणत होत्या. मीही सरांकडे रदबदली केली.

"लग्न त्यांच्याकडे आहे, नीताबाई. उकाडा सगळ्यांकडे आहे."

नाव कमी झालं. ज्ञानू त्या दिवशी रागानं म्हणाला, "ह्यास्नी पोरगी सोडून गेली त्यात नवल न्हाय." तो हे हळू म्हणाला होता, पण खोल्या दोनच आहेत. सरांनी मान वर केली नाही. ज्ञानूनं पुढे दोन-तीन दिवस त्यांच्यासाठी न सांगता चहा आणला, तो सरांनी न बोलता घेतला.

*

आणि मग यंदाच्या मे महिन्यात सरांना सर्दी झाली!

बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि सर गळ्याला मफलर गुंडाळून शिंकतायत. आठवडाभर बघून मी म्हटलं, "सर, डॉक्टरांना दाखवा."

"डॉक्टरला काय दाखवायचं? यंत्राला दाखवा. आमच्या घरचा एसी संध्याकाळी आपोआप लागतो. तोही बावीसवर! वर मला मेसेज येतो, आपण आज 'नको' निवडले आहे. मी? मी 'नको' निवडीन?"

मीही पर्वतीलाच राहते, म्हणून त्या संध्याकाळी ज्ञानूबरोबर गेले. सरांनी मुग्धाची खोली उघडली. पलंगावर न सुरकुतलेली चादर, कपाटावर तिचं हेल्मेट. खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र आजचा पेपर आणि सरांचा वाचायचा चष्मा.

"मी इथे बसत नाही," सर लगेच म्हणाले. "धूळ साचते म्हणून उघडतो."

ज्ञानूनं यंत्र उघडून पाहिलं, पुसलं, परत लावलं. "कायबी बिघाड न्हाय. रोज कसं व्हतं ते दाखवा की."

"कसं म्हणजे? मी असा येतो, असा बसतो..." आणि सर त्या खुर्चीत बसले. यंत्राचा हिरवा दिवा लागला. आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहून बघत होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग 'टिंग' असा आवाज आला, एसीची झडप उघडली आणि आकडा उमटला, बावीस.

"बघा! मी हात तरी लावलाय का?"

ज्ञानूनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सर, ते अ‍ॅप मुग्धाताईंच्या फोनमधी हाय. कॅनडात आता सकाळ आसंल."

सर उठले, बाहेर आले आणि खोलीचं दार लोटून आमच्यासोबत उभे राहिले. काही वेळानं आतला एसी बंद झाल्याचा आवाज आला. सर पुन्हा आत गेले, खुर्चीत बसले. हिरवा दिवा लागला.

टिंग.

आम्ही चहाला थांबलो नाही.

*

महिनाअखेरीला ज्यांचं 'नको' जास्त झालं त्यांची नावं सर मला वाचून दाखवतात. या वेळी पहिलंच नाव वाचलं, "देवधर, पर्वती. कमी करा."

"सर, तुमच्या बाबतीत एकवार..."

"उकाडा सगळ्यांकडे आहे, नीताबाई." मग जरा थांबून म्हणाले, "नाव कमी केलं की यंत्र काढून नेतात का हो?"

"नाही सर. यंत्र तुमचंच. फक्त सवलत जाते."

"मग करा कमी."

दुसऱ्या दिवसापासून मफलर दिसेनासा झाला, पण सर रोज सहाच्या ठोक्याला घाईघाईनं घरी जायला लागले. रिमोट पुन्हा खिशातून ऑफिसला यायला लागला, आणि जाताना तो आहे ना, हे ते चाचपून बघायचे. आम्ही काही विचारलं नाही. विचारायची आमची टाप नाही!

गेल्या सोमवारी सकाळी सर आले, पिशवी खुंटीला अडकवली, बटणांचा फोन टेबलावर ठेवला. मग आमच्या दोघांकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून म्हणाले,

"काल तेवीसला तयार झाली."