फक्त अक्षरं

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक सहकारी बसतो. ईमेलचा एक जुना प्रोग्रॅम आहे, फक्त अक्षरं दाखवणारा. हा प्रोग्रॅम लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टिमच्या प्रत्येक जातीवर नीट बसावा म्हणून त्याची इन्स्टॉल करायची पॅकेजेस फुकटात बांधून द्यायची, ही याची हौस. नवी आवृत्ती निघाली की स्वारी घरात कार्य असल्यासारखी धावपळ करते आणि लंचचं सँडविच संध्याकाळपर्यंत तसंच राहतं.

“अरे, वापरतं कोण हे?” मी विचारतो.

“मी वापरतो ना. परवा एकानं बगही कळवला. म्हणजे दोघं झालो.”

मला मुलगी झाली तेव्हा मी हॉस्पिटलमधून सगळ्यांना तिचा फोटो मेल केला. याचं उत्तर आलं, “अभिनंदन! माझ्याकडे फोटो दिसत नाही. कशी आहे, लिही.”

फोनवर बघितला असता तर दिसला असता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

वैतागून पाळण्याशेजारी बसलो आणि लिहायला लागलो. डावी भुवई जरा वर चढलेली, थेट माझ्या आईसारखी. सकाळपासून चाळीस फोटो काढले होते, पण ही भुवई काही दिसली नव्हती.

मेल पाठवला. लगेच उत्तर आलं, “हां, आता दिसली.”