बंदुकीच्या अर्जावरची दोन नावं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. गंमत म्हणजे तिला ना गुन्हा रजिस्टर नंबर, ना स्टेशन डायरीत नोंद. ती घडली मी निवृत्त झाल्यावर, सौदी अरेबियात, आणि तेव्हा माझ्या अंगावर वर्दीऐवजी जावयाचा जुना स्वेटर होता.

पत्नी गेल्यावर मुलीने मला धाहरानला बोलावून घेतलं. जावई तेलकंपनीत, मुलगी इस्पितळात डॉक्टर. सकाळी सातला घर रिकामं व्हायचं. नातू शाळेतून आला की माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायचा आणि खोलीचं दार लावून घ्यायचा. तेहतीस वर्षं माझ्या टेबलासमोर माणसांची रांग असायची. आता मी खिडकीतून कंपनीच्या बसेस बघत बसायचो. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटायचं.

त्यामुळे एका शुक्रवारी मराठी मंडळींच्या जेवणात एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले, तेव्हा मला बरंच वाटलं. नाव सांगत नाही. मूळचे नाशिककडचे इंजिनिअर, साठीला टेकलेले. पत्नी वारलेली, मुलगा कॅनडात, स्वतः कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटे. कामावरून सुटले की ते आमच्याकडे यायला लागले. आम्ही दोघं फेरी मारायचो, जास्त बोलायचो नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विषय काढला.

"साहेब, पुढच्या महिन्यात इकामा, इथला राहण्याचा परवाना, संपतो. मग फायनल एक्झिट, कायमचं परत, खलास. नाशिकला गेलो की एक बंदूक घ्यायचीय. इथलाच माझा जुना सहकारी आता तिकडे असतो, त्याच्याकडे लायसनची डबल बॅरल आहे, ती तो देतोय. तुमची तिथल्या ठाण्यात ओळख असेलच."

काम कायद्याने नव्हे, ओळखीने होतं, हा समज गल्फमधल्या आपल्या माणसांच्या हाडीमासी खिळलेला असतो. मी त्यांना सरळ सांगितलं, "ती काय सेकंडहँड स्कूटर आहे? आधी तुमचा परवाना हवा. त्यासाठी डॉक्टरचा दाखला आणि ठाण्याची पडताळणी. तुम्ही इतकी वर्षं इथे राहिलात, म्हणजे इथल्या पोलिसांचाही दाखला मागतील. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. मगच बंदूक हातातून हातात जाते."

"तो म्हणतो, उतरल्या दिवशी घेऊन जा, कागद मागाहून बघू."

"मग आधी तुम्ही दोघं आत जाल, आणि मागाहून मी डबा घेऊन येईन."

ते हसले नाहीत. पोलिसाच्या विनोदाला लोक निदान भीतीने तरी हसतात. तिथेच मी सावध झालो. अर्ज भरून आणा, पडताळणीला परिसरातल्या दोन ओळखीच्या व्यक्तींची नावं लागतील, तीही वेगळ्या कागदावर आणा, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. अक्षर मोत्यासारखं, इंजिनिअरचंच. मी चहा ठेवला आणि चष्मा लावला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : शेतात बिबट्याचा त्रास.

"पीक काय घेता?"

"द्राक्षं."

"ऑक्टोबरची छाटणी कुणाकडून करून घेतलीत?"

ते कपाकडे बघत राहिले. मीही गप्प बसलो. चौकशीत आरडाओरडा करणारा अधिकारी नवखा असतो. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलतो.

"शेत चार वर्षांपूर्वीच विकलं, साहेब," ते शेवटी म्हणाले.

मी दुसरा कागद उघडला. ओळखीच्या व्यक्ती. पहिलं नाव बंदूक विकणाऱ्याचं होतं. दुसरं नाव माझं होतं.

"अहो, मी पुण्याचा. तुम्हाला ओळखतो तीन आठवडे. नाशिकचं कुणी लिहा."

"रात्रभर आठवत होतो," ते म्हणाले. "कुणी नाही."

मी चष्मा काढून कागद खाली ठेवला. नोकरीत असताना असाच एक बंदूक-हस्तांतरणाचा अर्ज माझ्याकडे आला होता. घेणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. बीट हवालदार शेजाऱ्यांकडे जाऊन आला. कुणाची तक्रार नव्हती, गुन्ह्याची नोंद नव्हती. मी 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारून सही ठोकली. वर्षाच्या आत त्यांच्याच घरी मला पंचनामा करायला जावं लागलं. तक्रार नव्हती, कारण त्यांना कुणी ओळखतच नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या सहीबद्दल मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या दुपारी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. मग सरळ विचारलं, "बंदूक स्वतःसाठी हवी आहे ना? स्वतःवर चालवायला?"

त्यांनी मान खाली घातली. "तिकडच्या रिकाम्या घरात जायची भीती वाटते, साहेब. इथे निदान सकाळी बस येते."

मी त्यांच्यासमोरच नाशिकला फोन लावला. विकणारा आधी उर्मटपणे बोलला. कायद्याचं कलम सांगितल्यावर त्याची बोबडी वळली. दोन दिवसांत बंदूक ठाण्यात जमा करून त्याने पावतीचा फोटो पाठवला. पण त्या दिवशी मी फोन ठेवताच इंजिनिअरसाहेब संतापले. "मित्र म्हणून आलो होतो, तुम्ही पोलीसगिरी केलीत," असं म्हणून तडक निघाले. मी चपला घालून मागोमाग गेलो आणि मुलीला फोन केला. ती ड्युटी सोडून आली. तिच्या इस्पितळातल्या मानसोपचार डॉक्टरांनी त्यांना तपासलं, कॅनडाहून मुलगा आला आणि बापाला घेऊन नाशिकला गेला. तिथे उपचार सुरू झाले, पण मुलाला महिनाभरात परतावं लागणार होतं.

माझा व्हिसा संपत आला होता, मीही पुण्याला परतलो. येताना त्यांना अट घातली. जामिनावरच्या आरोपीने ठाण्यात द्यावी तशी हजेरी द्यायची, रोज सकाळी नऊला, फोनवर. पहिले काही महिने ते रागातच होते. "हजर," एवढं बोलून फोन कट. हळूहळू एखादं वाक्य वाढलं. भाजी महाग झाली. समोरचे बिऱ्हाडकरू चांगले आहेत. गोळी बदलली.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, पडताळणीला गेलात की या माणसाबद्दल कुणाची तक्रार आहे का, हे विचाराच. पण याच्याशी शेवटचं कोण बोललं आणि कधी, हेही विचारा. कुठल्याही छापील फॉर्मवर तो रकाना नाही. मी तेहतीस वर्षांत एकदाही तो प्रश्न विचारला नाही, आणि त्याची बोच जात नाही.

गेल्या महिन्यात मला ताप होता. सकाळी नऊला फोन वाजला तो मी उचलला नाही. साडेनऊला पुन्हा वाजला, दहाला पुन्हा. शेवटी उचलला.

"काय साहेब, आज तुमची हजेरी लागली नाही," ते म्हणाले. आवाज घाबरलेला होता. "लिंक रोडवर रिक्षात बसलोय मी. स्टँडवर जाऊन पुण्याची बस पकडतो. घरात कोण आहे तुमच्याजवळ?"

घरात कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "या."

ते दुपारी पोचले आणि चार दिवस राहिले.