नवसाची दाढी

आमच्या मेहकर तालुक्यातल्या एका गिट्टी क्रशरच्या, म्हणजे दगड फोडून खडी करणाऱ्या कारखान्याच्या, स्टोअरमध्ये मी बसतो. ग्रीस, नटबोल्ट, पट्ट्याचे जोड, हातमोजे असं सगळं माझ्या ताब्यात. ज्या कंपनीच्या रस्त्याच्या कामाला आमची गिट्टी जायची, तिच्या साहेबांनी एकदा बजावलं की मजुरांच्या तोंडाला मास्क दिसले नाहीत तर माल बंद. मालकांनी दुसऱ्याच दिवशी कोरोनातले उरलेले निळे मास्क खोकाभर आणून माझ्या टेबलावर ठेवले. दुपारपर्यंत ते नाकाशी काळे पडायचे, बाहेरून आणि आतूनही. आतून काळा पडलेला मास्क पाहून माझं डोकंच फिरलं. मी स्वभावानं मुळात तिरसट, त्यात स्टोअरकीपर.

मी आयटीआय झालेला म्हणून मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून एवढं कळून आलो की मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग गळ्यातल्या ताइताइतकाच. मग अकोल्याला जाऊन दुकानात एकेक हातात घेऊन पाहिले. कापडी नको म्हटलं. वाटीसारखे पांढरे गिट्टी वाहणाऱ्या पट्ट्यावरच्या लोकांसाठी घेतले. आणि क्रशरच्या तोंडाशी उभे राहणाऱ्यांसाठी रबरी, दोन्ही गालांवर गोल फिल्टर असलेले. मालकांनी कुरकुर करत का होईना, पण घेऊ दिले.

तोंडाशी म्हणजे जिथं टिप्पर दगड ओततो तिथं. मोठा दगड अडकला की पहार घेऊन तो सारायचा. टिप्पर ओतला की तिथला माणूस दिसेनासा होतो. वर पाण्याचे फवारे बसवले होते, पण पाण्यानं चाळण्या बुजतात आणि माल कमी निघतो, म्हणून साहेब येणार असले तरच ते चालू व्हायचे. त्या जागेवर माझा थोरला भाऊ कामाला होता. मी क्रशरवर लागायच्या कितीतरी आधीपासून तो तिथंच.

रबरी मास्क आले तसा माझा जाच सुरू झाला. लोक सुटी झाली की कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग झाडतात, तसाच मास्कही झाडायचे. त्या जोरानं फिल्टरचा जीव जातो, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. फिल्टर काढून ठेवा, नुसतं रबर साबणानं धुवा, सावलीत वाळवा, खिळ्याला टांगू नका, धूळ आत बसते. शेवटी मी प्रत्येकाला घरून झाकणाचा डबा आणायला लावला. लोक मला पाहिलं की म्हणायचे, "आल्या पाह्य बे, मास्कच्या सासूबाई." म्हणू दे म्हटलं, डब्यात तर ठेवतात.

घरात मात्र माझी सासूगिरी चालली नाही. दादाला तेव्हा खोकला होता. सुका, सकाळी उठल्यावर जास्त. आमच्या मायनं गावाबाहेरच्या देवीपुढं ओटी भरून चार बायांच्या देखत बोलून टाकलं होतं, की लेकाचा खोकला जाईस्तोवर त्याच्या दाढीला वस्तरा लागणार नाही. गेला की देवीच्या पायरीवर उतरवीन. आमच्याकडे असा नवस काही नवा नाही. कोणाची दाढी पोर होईपर्यंत वाढते, कोणाची बहिणीचं लग्न जमेपर्यंत. लोक दाढी पाहूनच विचारतात, काय मागितलं म्हणून. दादाची चांगली बोटभर झाली होती आणि त्याला शोभतही होती.

रबरी मास्क आला त्या दिवशी मी त्याला स्टोअरमध्ये बोलावलं, पट्टे आवळले, दोन्ही फिल्टरवर तळहात दाबून म्हटलं, आता दम ओढ. मास्क नीट बसला असेल तर तो गालांना ओढला जातो आणि हवा येत नाही. दादानं आरामात दम ओढला. हवा दाढीतून आत जात होती.

"दाढी काढा लागते दादा," मी म्हणालो.

"येडा झाला काय बे? मायले इचार."

"तुह्यी दाढी आहे का मायची?"

"दाढी माह्यी आहे, नवस तिचा आहे," तो हसून म्हणाला. "मले तेवढा इश्वास नाई. पण तिले आहे ना. उद्या काही झालं तं म्हणन, दाढी काढली म्हून झालं. मंग मी तिले काय सांगू?"

त्यानं त्यातून त्याच्या परीनं वाट काढली. आंघोळीनंतर दाढीला खोबरेल चोपडून ती चपटी करायची, वर मास्क घालायचा आणि त्यावरून ओला दुपट्टा इतका आवळायचा की कानाच्या पाळ्या लाल व्हाव्यात. तेलानं फट बुजते असा त्याचा हिशेब. तेलावर धूळ बसून संध्याकाळी दाढीचा चिखल व्हायचा आणि रबरही तेलानं फुगून सैल पडलं. त्याला वाटायचं आपण देवी आणि भाऊ दोघांनाही सांभाळलं. मला त्याचा राग यायचा.

मायशी मी सरळ भांडलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हटलं, माय, ज्या खोकल्यासाठी दाढी ठेवली तो खोकला त्या दाढीमुळंच जाऊन नाई राह्यला. मास्क बसत नाई. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग बोलली.

"तुह्या मास्कच्या आंधी बी तो तठी काम करतच होता ना? तवा कोणी मास्क देला व्हता?"

"नाई."

"मंग त्याले आजलोक कोनं वाचवलं?"

खरं म्हणजे कोणीच वाचवलं नव्हतं, पण ते तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ती पुढं म्हणाली, "देवीच्या अन् तुह्या मंधात मले नोको टाकू, बापा. मी तिले शब्द देला. चार जणीईच्या देखत देला."

पावसाळ्यात दगडाची खदान पाण्यानं भरली आणि क्रशर बंद पडला. दादा घरी बसला. महिनाभरात त्याचा खोकला बराच उतरला, रात्री झोप लागू लागली, तोंडावर तजेला आला. मी म्हटलं, पाहा, धूळ थांबली म्हणून उतरला. माय म्हणाली, देवी पावली. नवरात्रातल्या अष्टमीला दाढी उतरवायचं तिनं पक्कं केलं, बायांना सांगूनही आली. कशानं का होईना, दाढी निघते आहे ना, एवढंच मला हवं होतं. पण पाऊस लवकर उघडला. मालकांनी पंप लावून खदान उपसली आणि घटस्थापनेच्या आधीच क्रशर सुरू केला. अष्टमीला सकाळी दादा आंघोळ करून निघाला आणि दारातच त्याला खोकल्याची अशी ढास लागली की तो उंबऱ्यावर बसला. माय ताट घेऊन मागं उभी होती. तिनं ताट परत देव्हाऱ्यापुढं ठेवलं. नवस फिटला नव्हता, दाढी तशीच राहिली.

दाढीवाल्या माणसासाठी डोक्यावरून घ्यायची टोपी असते, कमरेला बांधलेल्या पंख्यानं तिच्यात गाळलेली हवा येते, हे मला फोनवर दिसलं. मी ते मालकांना दाखवलं. मालक माणूस वाईट नाही. पण ते पोट धरून हसले आणि म्हणाले, उद्या म्हणशील खदानीत कूलर लावा. मी दादाची जागा तरी बदला म्हटलं, तर म्हणाले, त्याच्याइतका हात बसलेला माणूस तोंडाशी दुसरा कोण आहे? त्या दिवशी मी इतका चिडलो की ग्रीसचा डबा आदळून फोडला, आणि मग तो मीच पुसत बसलो.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दादाला पहार पेलेना. आम्ही त्याला मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. माय हट्टानं सोबत आली. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, आणि दादानं जीव खाऊन फुंकल्यावर मशीनकडे पाहून पुन्हा फुंकायला लावलं. मग त्यानं आम्हाला समजेल असं सांगितलं. दगडाची धूळ आत बसली आहे. ती आता निघत नाही. खोकल्याला औषध देतो, थोडं बरं वाटेल, पण जेवढं फुप्फुस गेलं तेवढं गेलं. यापुढं धुळीत जाऊ नका.

"निघत नाई म्हंजे?" मायनं विचारलं.

"नाही निघत, आजी."

"कितीक दिसानं बी?"

डॉक्टरनं मान हलवली.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मायनं न्हाव्याला घरी बोलावलं. देवीची पायरी नाही, नारळ नाही, हळदकुंकू नाही. अंगणात गोणपाट टाकलं आणि दादाला म्हणाली, बस. न्हाव्यानं विचारलं, "पावली वाटते देवी?" ती म्हणाली, "काढ तू." वहिनी घरात निघून गेली. दाढी उतरली तशी आतून एक वेगळंच तोंड निघालं. गाल आत गेलेले, जबड्याची हाडं वर आलेली. इतके दिवस दाढीनं ते झाकलं होतं. मायनं ते केस गोळा केले आणि उकिरड्यावर टाकून आली. मग मला म्हणाली, "आता तुहा मास्क लाव त्याले. देवीचं मी पाह्यतो."

डॉक्टर धुळीत जाऊ नका म्हणाला होता, मग मास्क कशासाठी, असं कोणी विचारलं नाही. दादाच्या दोन पोरी शिकत होत्या, आणि पोत्याला हात लावला की ज्याला दम लागतो त्याला दुसरीकडे कोण ठेवणार? मालकांनी त्याला फाटकावर बसवलं, टिप्पर आत-बाहेर सोडायला. फाटक तोंडापासून लांब आहे, पण धुळीपासून लांब असं क्रशरवर काही नसतं.

मी नवा रबरी मास्क काढला. नवे फिल्टर लावले. पट्टे आवळले, फिल्टरवर तळहात दाबले आणि म्हटलं, ओढ. मास्क गालांना गच्च चिकटला. कुठूनही हवा नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो त्याच्या तोंडावर बसला होता, आणि मला मूर्खासारखा आनंद झाला. मी हात काढले आणि त्याची पाठ थोपटली.

चहाच्या सुटीच्या आत तो परत आला. मास्क त्याच्या हातात होता. कपाळावर घाम, ओठ निळसर. टेबल धरून त्यानं दम घेतला.

"याच्यातून ओढल्या जात नाई रे."

"सैल करू का?"

"सैल केलं तं काय कामाचा?" तो म्हणाला. हे मीच त्याला शिकवलं होतं. "बसते चांगला. पण मले तेवढं ओढाचं बळ नाई राह्यलं. दुसऱ्या कोनाले देऊन टाक."

चांगला मास्क हवा गाळतो, म्हणून तो ओढायला जोर लागतो. धडधाकट माणसाला तो कळतही नाही. मी वाटीसारखा पांढरा दिला, तोही त्याला पेलला नाही. आता तो फाटकावर उघड्या तोंडानं बसतो. टिप्पर आला की मान वळवतो, तेवढीच त्याची खबरदारी.

हे घरी सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं नव्हतं, पण कोणी सांगितलं नाही. माय आता देवीला जात नाही. वाटेत देऊळ आलं तर डोक्यावरचा पदर पुढं ओढते आणि पायांकडे पाहत निघते. संध्याकाळी दादा आत जाऊन पडला की ती मला पाण्याचा तांब्या देते आणि हळूच विचारते, "मास्क लावते ना आता तो? रोज लावते ना?"

मी हाव म्हणतो, आणि ती भाकरी वाढायला उठते.