दुसऱ्याच्या शिक्क्यावर

सहदेव परबला मी स्वस्थ बसलेला कधी पाहिलेला नाही. घाटकोपरला माझं शिलाईचं दुकान, त्याला लागून त्याचं वायरिंगचं. गिऱ्हाईक नसलं की हा माणूस खिशातला टेस्टर बोटांत फिरवत माझ्या दारातून येरझाऱ्या घालणार. मी म्हणायचो, "अरे बस की! लादी झिजली माझी." तो बसायचा आणि लगेच उठायचा.

त्याची तडफड मला कळत नव्हती असं नाही. माणूस हाडाचा वायरमन. पंचवीस वर्षं घाटकोपर-मुलुंडच्या निम्म्या इमारतींत त्याने तारा ओढल्या असतील, पण कागदावर त्याचं नाव कुठेच नाही. वीजकाम पुरं झालं की सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराची सही-शिक्का लागतो. तो हर्षदशेठचा. काम सहदेवचं, शिक्का शेठचा. शेठ माणूस वाईट नव्हता, पण "सहदेव, आज रात्री ये" म्हटलं की याने "हो शेठ" म्हणायचं, घरी पोर तापाने फणफणलेली असली तरीही.

ठेकेदाराचं लायसन स्वतःच्या नावावर काढायचं तर दुकानात पूर्ण वेळ काम करणारा, परीक्षा पास झालेला सुपरवायझर हवा. असा माणूस पगारावर ठेवणं याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून मुलगी प्रांजल दहावी झाली तेव्हापासून याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, सुपरवायझरची परीक्षाही काढली. सहदेवने चाळीत पेढे वाटले ते लायसन मिळाल्यासारखेच.

तेवढ्यात तिला अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. मोठमोठ्या इमारतींच्या वीजकामावर देखरेख करायची. पोरगी हरखली. आता गंमत अशी, की एक तर ती नोकरी, नाहीतर बापाचं लायसन. दोन्हीकडे तिचं नाव चालणार नव्हतं.

"तिला विचारलंस का?" मी म्हटलं.

"अशा नोकऱ्या काय, येतात नि जातात!" सहदेव म्हणाला आणि नारळ आणायला गेला. लायसनच्या अर्जावरून सरकारी साहेब दुकान तपासायला येणार होते, म्हणून हा आधी गाऱ्हाणं घालणार होता.

ही आमच्या तळकोकणातली रीत. नव्या कामाआधी जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून मागणं मागतो आणि भोवतीचे सगळे एका सुरात रुकार देतात. चाळीतले काशीराम आजोबा आले. दुकानात आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. आजोबांनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! सहदेवाच्या नावार ह्या लायसन होवंदे, तेच्या चेडवाच्या हातान ह्या दुकान चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. प्रांजलही. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, तोंडातून आपसूक निघतं. आजोबा काय मागतायत नि आपण कशाला रुकार देतोय, हे कोण ऐकतं तिथे?

पण सहदेवने ते धरून ठेवलं. त्याची बायको मालन संध्याकाळी माझ्यासमोरच म्हणाली, "अहो, पोरगी जेवत नाहीये नीट. एकदा बोला तिच्याशी."

"बोलायचं काय? देवासमोर हो म्हणाली ना!"

मला असा संताप आला! देवाला मध्ये घालून पोरीची बोलती बंद करायची, ही कुठली रीत? पण बापलेकीच्या मध्ये पडणारा मी कोण? मशीनवर जाऊन शिवत बसलो.

साहेब आले. मी माझी बरी खुर्ची नेऊन दिली आणि तिथेच थांबलो. साहेबांनी तारांचं इन्सुलेशन तपासायचा मेगर पाहिला, अर्थिंग तपासायचं मशीन पाहिलं, रबरी हातमोजे उलटसुलट केले. सगळं पसंत. सहदेव दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

मग साहेब प्रांजलकडे वळले. "सुपरवायझर तुम्ही? पूर्ण वेळ इथेच? दुसरीकडे नोकरी वगैरे नाही ना?"

प्रांजलने मान खाली घातली. "हो साहेब. इथेच."

साहेबांनी पेन उघडलं. सहदेवची चुळबुळ एकदम थांबली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ती इथे नाही. तिला अंधेरीला नोकरी लागलीये."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आज हे होणार नाही. सुपरवायझर मिळाला की नव्याने अर्ज करा." पेन बंद करून ते निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

"बाबा!" प्रांजल किंचाळलीच. "मी हो म्हटलं होतं ना! कशाला मध्ये बोललात? वाट लावलीत सगळ्याची!"

सहदेव स्टुलावर बसला होता. चक्क बसला होता. "मान खाली घालून 'हो साहेब' म्हणालीस ना, तसं मी शेठपुढे म्हणतो. इतकी वर्षं. तुझ्या तोंडून ऐकवेना गं मला."

प्रांजल ओढणीने तोंड पुसत त्याच्या शेजारी उभी राहिली. मी आपली खुर्ची उचलली.

तेवढ्यात सहदेवचा फोन वाजला. मुलुंडच्या कामावर फ्यूज उडाला होता, हर्षदशेठ बोलवत होते.

"हो शेठ," सहदेव म्हणाला, "निघालोच."