अण्णांची लटपटती पिल्लं

आडवं पडलेलं काहीही न बघवणारा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे माझे घरमालक, अण्णा. माधवनगरला त्यांच्या बंद पडलेल्या मागांच्या शेडशेजारी मी भाड्यानं राहायचो. अण्णा सकाळी जैन मंदिरात निघाले की वाटेत कलंडलेल्या सायकली उभ्या करत, वाकलेल्या झेंडूला काठीचा टेकू देत. एकदा तर पारावर गाढ झोपलेल्या माणसाला त्यांनी बगलेत हात घालून उभं केलं. तो खवळला, तर म्हणाले, "पडलास वाटलं गड्या!" मी पेपरसुद्धा दार लावूनच लोळत वाचायचो.

असा माणूस कवठे महांकाळला पाहुण्यांकडे गेला. शेजारच्या टर्की पाळणाऱ्याकडे नुकती अंड्यातून निघालेली पाच पिल्लं पाय फाकून पडली होती. "ही काय जगत न्हाईत," असं तो म्हणाला, आणि अण्णांनी पिल्लं मिठाईच्या खोक्यात घालून थेट एसटी गाठली.

"आवं, ही कुठली गिधाडं आनलासा?" त्यांच्या पत्नीनं, आमच्या अक्कांनी, खोक्यात डोकावून विचारलं.

"टर्की हायती. पायानं अधू हायती बिचारी."

मग शेडमध्ये सेवा सुरू झाली. अण्णा दोन वेळा शहाबादी फरशी लख्ख पुसायचे. शिवाय सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा घरातला नेम त्यांनी पिल्लांनाही लावला. ऊन उतरलं की दाण्याची थाळी उचलून पालथी! पिल्लं आणखीच मलूल झाली. शेवटी शेजाऱ्यांच्या म्हशीला बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना मीच आत आणलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो अण्णा, इतक्या गुळगुळीत फरशीवर पाय ठरणार कसा? गोणपाट अंथरा. पाय मऊ चिंधीनं सैलसर बांधा. बल्बची ऊब द्या. आणि संध्याकाळी दाणा काढून घेऊ नका, एवढ्याशा जिवाला भूक निघत नाही."

नेम मोडायचा म्हटल्यावर अण्णांनी आधी दाण्याची पालथी थाळी सुलटी केली. मग उठले आणि बल्ब खाली ओढून गोणपाटावर टांगला. "ह्यांचा सूर्य ह्यो," म्हणाले. "ह्यो काय मावळत न्हाई."

चार पिल्लं हळूहळू सावरली आणि अंगण उकरू लागली. पाचवं मात्र उठेना. ते फक्त अण्णांच्या तळहातावरचं खायचं, तेही सरकारी कामाच्या वेगानं, आणि त्याला भूक लागायची नेमकी अण्णांच्या जेवणाच्या वेळी. अण्णांचा स्वतःचा सूर्य काही थांबत नव्हता. मी अंगणातून ओरडायचो, "अण्णा, ऊन कौलावर गेलं!" आतून उत्तर यायचं, "दोन घास ऱ्हायल्यात." ते घास पिल्लाचे असायचे. तोवर दिवस बुडायचा आणि अण्णा पाण्याचा थेंबही न घेता झोपायचे. अक्का वाढलेलं ताट घेऊन दारात उभ्या. "पिल्लू उभं ऱ्हाईल, पन तुमी आडवं व्हशीला!" अण्णांची गालफडं बसली होती. मला त्या पिल्लाचा मनापासून राग यायचा.

एका संध्याकाळी अक्कांच्या बोलण्याला घाबरून अण्णा वेळेवर उठले. दारापर्यंत गेले असतील, तर मागून ते पिल्लू लटपटत, पडत, पुन्हा उठत त्यांच्या पायापाशी आलं. अण्णा उंबऱ्यावर मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्या दिवशीही जेवण हुकलं. अक्कांनी ताट झाकून ठेवलं.

आता मी नोकरीसाठी शिरवळला असतो. ऊन उतरू लागलं की मला ते घर फार आठवतं आणि मी फोन लावतो. अण्णांचे गुडघे गेलेत. दिवसभर कॉटवर पडून असतात म्हणे. आडवं न बघवणारा तो माणूस आडवा पडलाय, हे मला अजून खरं वाटत नाही.

"आमी हाका मारून दमतो, उठत न्हाईत," अक्का सांगतात. "मग तुझं ते पाचवं टर्की येतंय. कॉटपाशी उभं ऱ्हाऊन असं वरडतंय, की उठत्यात बघ. भिंत धरून जेवाय येत्यात."

मागून त्याचा आवाज ऐकू येत असतो. अण्णा उठल्याचं अक्का सांगेपर्यंत मी फोन ठेवत नाही.