संत्र्याच्या बागेतला वन्समोअर

आमच्या मंडळाच्या जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा करायचं ठरलं आणि अमरावतीच्या कोर्टात वकिली करणारा मी पोट आत ओढून नायक झालो. शूटिंग शेंदूरजनाघाटला, संत्र्याच्या बागेत. पदं एका गवयाच्या आवाजात आधीच रेकॉर्ड झालेली; ती स्पीकरवर लागायची आणि मी नुसते ओठ हलवायचो.

शेजारच्या बागेतले एक म्हातारे रोज येऊन उलट्या क्रेटवर बसत. पद सुरू झालं की सोललेलं संत्रं हातात तसंच राही आणि ते डोळे मिटून घेत. माझा अभिनय लोकांना किती भिडतो, हे मी घरी फोन करून सांगितलं.

एकदा टेक संपताच ते म्हणाले, "वन्समोअर."

मी मूळचा नाटकवाला. वन्समोअर आला की पद पुन्हा गायचं, हा आमचा रिवाज. कॅमेरा बंद होता, तरी मी स्वतःच्या गळ्यानं सुरू केलं.

त्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी कावून तरास करून रायले, भाऊ? त्या गानाऱ्यालेच म्हना ना."

स्पीकर पुन्हा लागला. मी सवयीनं ओठ हलवले. त्यांनी डोळे मिटून घेतले.