लेझरबाई आणि दुप्पट झालेल्या सीटा

आमच्या कारखान्यात कमोडच्या सीटा बनतात. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी "प्लॅस्टिकच्या वस्तू" म्हणते आणि विषय बदलते. वहिनी मात्र ठणकावून सांगते, "कमोडच्या सीटा. तुम्ही रोज वापरता त्याच." मग विचारणारा हातातला कप खाली ठेवतो आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतो.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. ती देखभाल विभागात, मी गोदामात. एकाच घरातून एकाच बसने एकाच कारखान्यात जायचं, पण दिवसभर एकमेकींचं तोंड बघायचं नाही. घरात भांडणं होत नाहीत ती एवढ्याचमुळे, असं आईचं ठाम मत आहे. वहिनी हुशार आहे यात वाद नाही. वाद घालायला तिने कधी जागाच ठेवली नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने आमचा मिक्सर उघडला, दुरुस्त केला आणि चालवून न बघताच कपाटात ठेवून दिला. दादा म्हणाला, "अगं, लावून तर बघ." त्यावर ती म्हणाली, "ज्यांना खात्री नसते ते लावून बघतात." मिक्सर चालला, हे आमचं दुर्दैव. न चालता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

आमचे मॅनेजर साहेब एकदा प्रदर्शन बघायला गेले आणि लेझर स्कॅनर घेऊन आले. बाकीचे लोक प्रदर्शनातून पेन आणि पिशव्या आणतात. सीट साच्यातून निघाली की कधी कधी किंचित वाकते आणि मग बसणारा डुलतो. पूर्वी अशी वाकडी सीट आमच्या बायका हाताने चाचपून बाजूला काढायच्या. आता ते काम लेझर करणार होता. सरकत्या पट्ट्यावर वरून लाल उजेडाची एक रेघ पडते, सीट तिच्याखालून जाते, कॅमेरा त्या रेघेचे चढउतार टिपत जातो आणि रेघेला रेघ जोडून सीटचा आकार उभा करतो. आकार वाकडा असेल तर लाल दिवा लागतो आणि एक दांडा येऊन सीट बाजूला ढकलतो.

फक्त बघायला सुरुवात कधी करायची, हे त्या यंत्राला कळत नाही. त्यासाठी पट्ट्याच्या वर, बरोबर मधोमध, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. खाली वस्तू आली की तो इशारा देतो, वस्तू सरली की पुन्हा गप्प होतो. त्या इशाऱ्याला म्हणायचं ट्रिगर. इशारा आला की बघायला लागायचं, संपला की थांबायचं, आणि एक नग मोजायचा.

स्कॅनरच्या कंपनीचा माणूस आला, चहा प्यायला, एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "सगळं आपोआप होतं," आणि स्वतःही आपोआप निघून गेला. सेटिंग लावायचं काम वहिनीकडे आलं. त्या आठवड्यात पट्ट्यावर नुसती झाकणंच येत होती. वहिनीने झाकणांवर ट्रिगर लावला, मुद्दाम वाकवलेली झाकणं पट्ट्यावर सोडली आणि यंत्राने ती एकूण एक पकडली. पट्ट्यावरच्या ऑपरेटर बाईंनी विचारलं, "मॅडम, सीटा टाकूनपण बघायचं ना?"

"झाकण काय आणि सीट काय, प्लॅस्टिकच ना?" वहिनी म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव लेझरबाई पडलं.

पुढच्या आठवड्यात सीटा सुरू झाल्या आणि भिंतीवरच्या फलकाचे आकडे धावायला लागले. साचे तेच, माणसं तीच, कच्चा माल तेवढाच, आणि सीटा मात्र दुप्पट! शिवाय वाकडी सीट एकही नाही. कुणाला शंका आली का? छे. साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं, "आपल्यावर नजर आहे म्हटल्यावर माणूस आपोआप चांगलं काम करतो." प्लॅस्टिकही आपोआप वाढतं, हे सांगायचं त्यांनी नम्रपणे टाळलं. झाकणं जेवढ्यास तेवढी आणि सीटा दुप्पट कशा, असं कुणीतरी चाचरत विचारलंसुद्धा. साहेब म्हणाले, "झाकणवाल्यांनी यापासून शिकावं." झाकणवाले बिचारे मान खाली घालून बसले.

वहिनी घरात तरंगत होती. आईला सांगत होती की मालक स्वतः येऊन तिचा सत्कार करणार आहेत. दादाने साडीपण आणली.

अडचण फक्त गोदामात होती, म्हणजे माझ्याकडे. फलकावर जेवढ्या सीटा दिसायच्या, त्यातल्या निम्म्याच माझ्यापर्यंत यायच्या. मी ढीग पुन्हा पुन्हा हाताने मोजले आणि साहेबांना जाऊन सांगितलं. वाटलं, ते फलक तपासतील. त्यांनी गेटवरच्या काकांना तपासलं.

गेटवरचे काका म्हणजे आमचे पहारेकरी. केस पांढरे झाले ते त्याच गेटवर. येताजाता प्रत्येकाची पिशवी बघायचे, अगदी साहेबांचीही. साहेबांना ते फारसं आवडत नसावं. "निम्मा माल गेटातूनच गेला असणार," असा निष्कर्ष निघाला आणि काकांना घरी बसवण्यात आलं. काका सायकलवर येत. त्या सायकलवरून त्यांनी ढिगांनी सीटा नेल्या असतील, तर त्यांनी सर्कसच काढायला हवी होती. पण हे बोललं कोण? कुणीच नाही. मीही नाही.

त्या दिवशी जेवताना मी आईला हे सगळं सांगत होते. आई म्हणाली, "अगं बाई, पण चोराने सीटाच का नेल्या? झाकणं का नाही?"

"झाकणांचा हिशेब जुळतो," मी म्हटलं. "फक्त सीटाच निम्म्या. रोज बरोबर निम्म्या."

वहिनीचा घास हातातच राहिला. एरवी ती मला "अगं" म्हणते, रागावली की "वन्सं." त्या दिवशी दोन्ही न म्हणता तिने विचारलं, "बरोबर निम्म्या?"

"हो."

ती ताटावरून उठली. दादाला वाटलं भाजी खारट झाली.

सकाळी ती मला गोदामातून ओढतच पट्ट्यावर घेऊन गेली. पट्टा बंद होता. तिने एक सीट उचलली आणि हाताने हळूहळू सेन्सरखालून सरकवली. पुढची कड आली, सेन्सरचा दिवा लागला. मग मधलं भोक आलं, दिवा विझला. मागची कड आली, दिवा पुन्हा लागला. झाकण भरीव असतं, पण सीटला मधोमध भोक असतं. त्यासाठीच तर ती असते. एवढी मोठी गोष्ट आमच्या लेझरबाईंच्या नजरेतून निसटली होती. यंत्र एका सीटला दोन तुकडे समजत होतं. दोन्ही वेगवेगळे मोजत होतं, आणि अर्धा तुकडा वाकडा दिसत नाही म्हणून दोन्हींनाही पास करत होतं.

"म्हणजे काका..." मी म्हटलं.

"काका, आणि बाजारात गेलेल्या सगळ्या वाकड्या सीटा," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. टोमणा मारायची एवढी सोन्यासारखी संधी पुन्हा येणार नव्हती, पण मी तिच्या हातातली सीट घेतली आणि खाली ठेवली.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मालक आज दुपारी येताहेत. पुष्पगुच्छ आलाय. सत्कार होऊ दे, मग सावकाश बघू."

"आणि काका?"

"त्यांनाही जरा विश्रांती मिळतेय."

वहिनी तिथून थेट पट्ट्यावर आली. सेटिंगमध्ये एक जागा होती, तिने शून्यावर सोडून दिलेली. एकदा ट्रिगर मिळाला की पट्टा किती सरकेपर्यंत दुसरा इशारा ऐकायचा नाही, ते तिथे भरायचं. तिने सीटची लांबी मोजून भरली. सेन्सर गप्प झाला तरी पूर्ण सीट सरेपर्यंत बघणं थांबवायचं नाही, हेही लावलं. मग सीटा टाकून बघितल्या. सरळ, वाकड्या, आडव्या, उलट्या. ऑपरेटर बाई एकेक सीट हातात देत राहिल्या.

दुपारी मालक फलकासमोर उभे राहिले. पट्टा सुरू झाला आणि आकडे एकदम वय झाल्यासारखे चालायला लागले. लाल दिवा लागला. दांडा आला आणि सीट ढकलून गेला. थोड्या वेळाने पुन्हा. साहेब पुष्पगुच्छ धरून उभे होते आणि त्यातल्या फुलांपेक्षा जास्त कोमेजले होते.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"आज जरा तांत्रिक..." साहेब म्हणाले.

"हे खरं आहे," वहिनी मध्येच म्हणाली. "आधीचे आकडे खोटे होते. सेटिंग मी लावलं, चूक माझी. सीटांवर तपासून बघितलं नाही. चोरी झालेलीच नाही. गेटवरच्या काकांना बोलवा."

आता हिची नोकरी जाणार आणि दादा साडी परत करायला जाणार, असं मला वाटलं. मालक जवळ आले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "लेझर लागल्यावरच्या सीटा... डुलतात का हो?"

"त्यातल्या काही डुलतात."

मालकांनी सुस्कारा सोडला. "मी त्यातलीच एक घरी बसवून घेतलीय. मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिघडलंय. डॉक्टरकडेपण जाऊन आलो."

कुणी हसलं नाही. हसायची मुभा नोकरीच्या अटींत नव्हती.

बाजारात गेलेल्या सीटा परत मागवल्या. त्या तपासायचं काम वहिनीला आणि मला मिळालं. बसून बसून तपासायचं. दोष शोधून काढल्याबद्दल पुष्पगुच्छ साहेबांना मिळाला. नाही तरी तो त्यांच्याच हातात होता. वहिनीला ताकीद मिळाली आणि दुसऱ्या पट्ट्यावर नवीन स्कॅनर लावायचं काम मिळालं.

काका परत आले. माफी कुणी मागितली नाही, गेटला नवीन कुलूप मात्र आणून दिलं. पहिल्या दिवशी वहिनी त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

काका म्हणाले, "तुमच्यामुळेच गेलो होतो ना मी?"

"हो," वहिनी म्हणाली.

काकांनी तिची पिशवी उघडायला लावली, आतला डबा नीट बघितला आणि गेट उघडलं.